आठे कोनीच नई

माझा बाप कापूस पिंजायचा.
अमळनेरात दारोदार, खांद्यावर कमान,
तातीचा एकच सूर दिवसभर,
पापण्यांवर पांढरी धूळ.

मी आवाज पिंजतो.
धुळ्यात, देवपुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
भिंतींत बापाचाच उरलेला कापूस ठासलाय,
वर गोणपाट, वर काळं कापड.
टाळी वाजवा, भिंत गिळते,
ढेकरसुद्धा देत नाही.

भिला आप्पा बडगुजर वही गायला आले मार्चमध्ये.
सत्तरी पार, डफ बगलेत.
खाली दळण चालू, म्हणून दोनपर्यंत थांबलो,
मग लाइट गेली, मग आली.
हेडफोन त्यांनी टोपीवरूनच चढवला.
काचेपलीकडून मी हात केला.
आप्पा गप्प.
म्हना ना आप्पा.
"कोनले म्हनू भो? आठे ते कोनीच नई."

तरी गायले.
डफ आधी, गळा नंतर,
झीलकरी शनिवारी, एकाची एसटीत ड्युटी होती.
मग मी पिंजायला बसलो.
सरकी काढावी तसा खोकला काढला.
श्वास काढले, एकोणचाळीस.
चौथ्या कडव्यात पळालेली लय जागेवर आणली,
एक ओळ दोनदा आली होती, एकदाच ठेवली.
पेळू निघाला पांढराशुभ्र.
आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली
आणि पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं,
"हाऊ कोन गाई ऱ्हायना?"

पौषात त्यांच्या मागे जळोदला गेलो, तापीकाठी.
दिवेलागणीला मैदान मोकळं.
साउंडवाला वाल्मीक माइकात हॅलो म्हणाला
आणि जिनिंगच्या पत्र्यानं प्रत्येक हॅलो परत केला,
जरा उशिरा, जरा चिडून.
वाल्मीक म्हणे, आत्ता बटणं पिळू नका.
माणसं बसू द्या. माणसं आवाज पितात.

दहाला बसली.
पोरं गोधडीत, म्हाताऱ्या गोधडीत,
सरपंच नव्या ब्लँकेटात, किंमतीच्या चिठ्ठीसकट.
पत्रा बोलायचा थांबला.
माझ्या खोलीत कापूस, इथंही कापूसच.
इथल्यात माणसं होती.

दवानं डफ सैल पडला.
आप्पा ओळ अर्धी सोडून उठले,
पऱ्हाट्यांच्या जाळावर डफ शेकत बसले.
कुणी उठून गेलं नाही.
डफ चढला, मग गळ्यालाही चढावं लागलं.
चौथ्या कडव्यात लय पळाली,
तीच, जी मी जागेवर आणली होती,
कारण मागच्या अंधारातून एक बाई बोलली,
"हाव वं माय!"
आप्पांनी ओळ परत घेतली, तिच्यासाठी.
मग तिसऱ्यांदा,
बहुतेक स्वतःसाठी.
कर्णा किंचाळला, वाल्मीकनं शिवी हासडली,
आप्पांना खोकला आला
आणि समोर पन्नास जणांनी घसा साफ केला.

वाल्मीक म्हणतो, रात्री नदीलगत हवा गार, वरची उबदार,
म्हणून आवाज आभाळात जात नाही.
वाकतो, पाण्यावरून घसरत पलीकडे उतरतो.
असेलही.
सकाळी पुलावर बुधगावचा एक जण भेटला,
रात्रभर केळीला पाणी भरत होता.
म्हणाला, शब्द नाही आले,
पण इकडून कोणीतरी कोणाला तरी
काहीतरी सांगतंय, एवढं कळत होतं.

धुळ्याला येऊन फाइल उघडली,
एकोणचाळीस श्वास जिथले तिथे परत लावले. खोकलाही.
जळोद झालं नाही.

आप्पा पुन्हा आले तेव्हा काचेआड गेलो नाही.
त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो.
खाली कुणाची तरी बाजरी दळली जात होती,
फरशी थरथरत होती.
त्यांनी हेडफोन उतरवून माझ्या मांडीवर ठेवला,
माझ्याकडे नीट बघितलं.
"आते म्हनस."